विकृत, परिचित आणि नरभक्षक : पाथर्डीच्या संदर्भात मराठी भयकथेचा एक प्रश्न

मराठी भयकथेचा विचार आजवर जो काही झाला आहे, तो प्रामुख्याने भूत, पिशाच, करणी, शाप आणि पछाडलेली वास्तू या आशयसूत्रांभोवती फिरत राहिला. आपल्या मूळ प्रकृतीपासून ढळलेले आणि माणसालाच भक्ष्य करू लागलेले श्वापद हे सूत्र पाश्चात्य भयसाहित्यात शतकाहून अधिक काळ वावरत आहे. मराठीत मात्र त्याची स्वतंत्र म्हणावी अशी परंपरा उभी राहिली नाही. हा अभाव केवळ वाङ्मयीन अनुकरणातील एक राहून गेलेली गोष्ट म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही. कारण ज्या समाजात ही परंपरा छापील रूपात नाही, त्याच समाजाच्या बोलण्यात, वृत्तपत्रांत आणि सरकारी कागदांत ती कथा गेली पंचवीस वर्षे अखंड सांगितली जात आहे. ती लिहिली गेली नाही. सांगितली मात्र जाते. सांगितली जाते तेव्हा ती भयकथेचेच संकेत वापरते, हे प्रस्तुत लेखाचे गृहीत आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात मढी, केळवंडी आणि शिरापूर या गावांच्या शिवारांतून बिबट्याने तीन लहान मुले नेली. टाळेबंदीचे वर्ष होते. शाळा बंद होत्या. पिंजरे लागले, वन खात्याची पथके आली, संध्याकाळनंतर वस्त्यांवरची दारे बंद होऊ लागली. त्यानंतरच्या नोव्हेंबर-डिसेंबरात शेजारच्या आष्टी तालुक्यात आणि पुढे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात माणसे मारली गेली. १८ डिसेंबर २०२० रोजी करमाळा तालुक्यात एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. वृत्तान्ताच्या पातळीवर घटना एवढीच आहे. पण वृत्तान्ताच्या पातळीवर ती थांबली नाही. तीन जिल्ह्यांतल्या निरनिराळ्या मृत्यूंना एक कर्ता मिळाला, त्या कर्त्याला प्रवास मिळाला, हेतू मिळाला, आणि 'नरभक्षक' हे नाव मिळाले. घटनामालिकेचे कथानक होते ते नेमके या ठिकाणी.

पोरे गमावलेल्या घरांच्या दुःखाला 'संहिता' म्हणून वाचणे कितपत उचित, अशी शंका येथे कोणी घेतली तर ती गैर नाही. तिचे उत्तर तात्त्विक भूमिकेतून देता येणार नाही. विवेचनाने काही हाती लागले तरच ते मिळेल. एक गोष्ट मात्र आरंभीच नोंदवली पाहिजे. त्या दुःखावर कथेचे रूप समीक्षक लादत नाही. ते आधीच लादले गेलेले आहे, आणि ते कोणी, कशासाठी लादले याचा शोध घेणे हेच समीक्षेचे काम आहे.

पाश्चात्य परंपरेत या श्वापदाची वंशावळ बरीच स्पष्ट आहे. एच. जी. वेल्सच्या 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो' (१८९६) या कादंबरीत शस्त्रक्रियेने पशूंना माणूस करू पाहणारा शास्त्रज्ञ आहे. त्याच लेखकाच्या 'द फूड ऑफ द गॉड्स' (१९०४) मध्ये मानवनिर्मित अन्न खाऊन उंदीर आणि गांधीलमाश्या अवाढव्य होतात. १९५४ हे वर्ष या वंशावळीत निर्णायक ठरले. अमेरिकेत अणुचाचणीने राक्षसी झालेल्या मुंग्यांचा 'देम!' हा चित्रपट आला आणि जपानमध्ये 'गोजिरा'. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटावरच्या अणुस्फोटाची राख एका जपानी मच्छीमार नौकेवर पडली होती, आणि 'गोजिरा'च्या प्रेक्षकांना ती आठवण करून देण्याची गरज नव्हती. येथून पुढे 'उत्परिवर्तन' ही संज्ञा जीवशास्त्रातून निघून लोकप्रिय कल्पनाविश्वात स्थिरावली. जीवशास्त्रात उत्परिवर्तन बहुधा सूक्ष्म असते, ते पिढ्यांच्या हिशेबाने चालते, आणि त्याला नीती नसते. भयकथेत ते एका रात्रीत घडते, डोळ्यांना दिसते आणि नेहमी कोणाच्या तरी अपराधाचे फळ असते. म्हणजे भयकथेतील उत्परिवर्तन हे शास्त्राच्या वेषातील कर्मविपाकच होय.

या परंपरेतील जेम्स हर्बर्टची 'द रॅट्स' (१९७४) ही कादंबरी प्रस्तुत विवेचनाला विशेष उपयोगी आहे, आणि ती तिच्या वाङ्मयीन प्रतिष्ठेमुळे नव्हे. ती सवंग समजली गेली. तिच्यातील रक्तपाताबद्दल समीक्षकांनी नाके मुरडली, आणि ते काही अंशी रास्तही होते. हर्बर्ट लंडनच्या ईस्ट एन्डमध्ये जन्मला (१९४३), बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या वस्तीत वाढला. त्याच्या कादंबरीत परदेशी बेटावरून आणलेल्या, किरणोत्साराने बदललेल्या उंदरांपासून झालेली प्रजा अशाच पडक्या वस्त्यांत माणसे खाऊ लागते. पण लक्षणीय आहे ते तिच्या रचनेचे एक अंग. बळी पडणाऱ्या माणसाला मारण्यापूर्वी हर्बर्ट त्याचे आयुष्य सांगतो. दारुडा, बेघर, नोकरीवरून निघालेला, एकाकी अशा कोणाचेतरी चारदोन पानांत चरित्र येते. तो कोठून आला, कोणी त्याला टाकले, काय चुकले हे कळते. आणि मग उंदीर येतात. कथानकाच्या दृष्टीने ही पाने अनावश्यक आहेत, कारण त्या माणसाचे पुढे काही होणार नसते. परंतु कादंबरीचे नैतिक वजन या अनावश्यक पानांतच साठलेले आहे. शहराने ज्यांच्याकडे कधी पाहिले नाही, त्यांच्याकडे वाचकाला मरणापूर्वी एकदा तरी पाहावे लागते. या संकेताकडे पुढे परत यावे लागेल.

भयकथेच्या उपपत्तींपैकी नोएल कॅरलची उपपत्ती (१९९०) येथे सर्वांत जवळची वाटते. मेरी डग्लसच्या 'प्युरिटी अँड डेंजर' (१९६६) या मानवशास्त्रीय ग्रंथातील मांडणीचा आधार घेऊन कॅरल म्हणतो की राक्षसी वस्तू ही धोकादायक तर असतेच, शिवाय ती 'अशुद्ध' असते. संस्कृतीने आखलेल्या वर्गांच्या सीमा ती ओलांडते. अर्धी माणूस, अर्धी पशू, जिवंत आणि मृत एकाच वेळी. भय आणि किळस यांच्या संयोगातून भयकथेचा विशिष्ट अनुभव निर्माण होतो. ही उपपत्ती भारतीय वाचकाला अपरिचित वाटू नये. भयानक आणि बीभत्स हे दोन रस आणि भय व जुगुप्सा हे त्यांचे स्थायीभाव नाट्यशास्त्राने वेगळे मोजले. कॅरलने ते एकत्र आणले, इतकेच. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानकाचे विभाव सांगताना विकृत ध्वनी, कोल्ही-घुबडे, अरण्य, ओसाड घर यांचा उल्लेख येतो. 'विकृत' हा शब्द तेथे आहे, आणि तोच हास्यरसाच्या विवेचनातही आहे : विकृत वेष, विकृत अलंकार. विकृताला दोन्ही दारे उघडी आहेत. श्वापदाचा आकार थोडा वाढला की भय वाटते, आणखी वाढवला की प्रेक्षागृहात खसखस पिकते. 'नाइट ऑफ द लेपस' (१९७२) या चित्रपटात महाकाय ससे माणसे मारीत सुटतात. त्याचे जे हसे झाले, त्याचे कारण नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाला शोधत बसावे लागत नाही.

कॅरलची उपपत्ती मराठी भूमीवर मात्र एका जागी अडते. वर्गांची सरमिसळ येथे आपोआप अशुद्ध ठरत नाही. उंबरठ्यावर, संधिकाळी, माणसाचे पोट नखांनी फाडणारा अर्धा सिंह आणि अर्धा माणूस अनेक मराठी घराण्यांचे कुलदैवत आहे. पाथर्डीपुरते बोलायचे तर मुद्दा अधिकच ठळक होतो. ज्या मढीच्या शिवारातून २०२० मध्ये मूल गेले, ती मढी कानिफनाथांच्या समाधीचे स्थान आहे. रंगपंचमीच्या सुमारास तेथे भरणारी यात्रा आणि तिच्यातला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. नाथकथांनुसार कानिफनाथ हत्तीच्या कानातून प्रकटले, मच्छिंद्रनाथ मत्स्याच्या उदरातून. रा. चिं. ढेरे यांच्या 'नाथ संप्रदायाचा इतिहास'पासून या परंपरेचा अभ्यास मराठीत स्थिर झाला आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको. एवढे पुरे की गर्भगिरीच्या या डोंगररांगेत पशूच्या देहातून माणूस निघणे ही किळसवाणी गोष्ट नसून पूज्य गोष्ट आहे. अशा ठिकाणी केवळ मिश्ररूप दाखवून वाचकाला भिववता येणार नाही. मराठीत उत्परिवर्तित श्वापदाची भयकथा रुजली नाही याचे एक कारण येथे शोधता येईल.

दुसरे कारण वाङ्मयव्यवहारातले आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठी भयकथेला वाचक मिळवून दिला. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' आणि 'इट'वरून 'शपथ' अशी रूपांतरे करताना त्यांनी परकीय भय मराठी गावात, मराठी घरात आणून बसवले. हे काम वाटते तितके सोपे नव्हते, आणि त्यांच्याकडे 'रूपांतरकार' म्हणून पाहणाऱ्या समीक्षेने त्याची नीट दखल घेतलेली नाही. परंतु धारपांचे अनिष्ट बहुधा बाहेरून, दुसऱ्या मितीतून येते. पशू आला तरी तो त्या अनिष्टाचा मुखवटा किंवा वाहन असतो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेत भय माणसाच्या मनात शिरते. दोघांचेही वेढलेले घर शहरी किंवा निमशहरी मध्यमवर्गाचे आहे. त्याला भिंती आहेत, दार आहे, कडी आहे. ज्या माणसाच्या घराला दारच नाही, जो अंगणात बाज टाकून झोपतो किंवा पाचटाच्या कोपीत राहतो, त्याचे भय या साहित्यप्रकाराच्या वास्तुशास्त्रात बसत नव्हते. पछाडलेल्या वाड्याची गोष्ट सांगण्यासाठी आधी वाडा लागतो.

मग पाथर्डीत जी कथा सांगितली गेली ती कोणती? तिचा नायक (वा खलनायक) 'नरभक्षक' आहे, आणि ही संज्ञाच तपासण्याजोगी आहे. देशावरच्या बोलण्यात बिबट्यालाही सर्रास 'वाघ' म्हणतात; कित्येकदा नाव टाळून नुसते 'जनावर' म्हणतात. हे दोन्ही शब्द प्राण्याला त्याच्या जागी ठेवतात. 'नरभक्षक' हा शब्द त्याला त्या जागेवरून उचलतो. तो प्राणी आता आपल्या जातीचा राहिलेला नाही, त्याच्यात काहीतरी पालटले आहे, असे हा शब्द सांगतो. 'माणसाच्या रक्ताची चटक लागली' हे वाक्य त्याच्यासोबत ठरलेले आहे. चटक म्हणजे काय, याचा विचार केला तर तीत एक संपूर्ण उत्परिवर्तनकथा दडलेली दिसते : आधी एक निरुपद्रवी प्राणी होता, मग एक निषिद्ध घास झाला, आणि त्या घासाने तो कायमचा बदलला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ ची भाषा अधिक संयत आहे. ती 'मानवी जीवितास धोकादायक' झालेल्या प्राण्याविषयी बोलते. तथापि तेथेही क्रियापद 'होणे' हेच आहे. कायद्यालाही प्राणी मारण्याची अनुज्ञा देण्यापूर्वी तो आधी वेगळा होता आणि आता वेगळा झाला, असे कथन सिद्ध करावे लागते.

या कथनाचा आद्य कर्ता म्हणून जिम कॉर्बेटचे नाव घ्यावे लागते. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' (१९४४) मध्ये नरभक्षकाच्या वर्तनाला नेहमी कारण असते : जखम, म्हातारपण, साळिंदराचे रुतलेले काटे. रुद्रप्रयागच्या बिबट्यावरील पुस्तकात (१९४८) १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत दरीत लोटलेल्या प्रेतांशी तो बिबट्याच्या सवयीचा संबंध जोडतो. त्या बिबट्याच्या नावावर १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे नोंदली गेली. ही कारणमीमांसा शास्त्रीय कसोटीवर किती उतरते हा प्रश्न निराळा. वाङ्मयीन दृष्ट्या ती प्राण्याला चरित्र बहाल करते. तो का बदलला हे कळले की वाचकाला त्याची कीव येऊ शकते, आणि कॉर्बेटच्या लेखनाची थोरवी या कीवेत आहे. पण कॉर्बेटला बळींचेही भान आहे, हे त्याच्या टीकाकारांनी विसरू नये. चाळीस शेळ्यांसह एका खोलीत कोंडून झोपवलेल्या चौदा वर्षांच्या अनाथ गुराख्याची हकीकत तो सांगतो. बिबट्या आत आला, चाळीस शेळ्यांतून वाट काढून पोराला घेऊन गेला, आणि एकाही शेळीला ओरखडा उठला नाही. पोरगा शेळ्यांसोबत का झोपला होता, याचे उत्तर बिबट्याच्या स्वभावात नाही.

पाथर्डीकडे परतताना या परिसरात, आणि खरे तर पश्चिम महाराष्ट्रात सर्वत्र, ऐकू येणाऱ्या एका समजुतीची दखल घेतली पाहिजे. 'हे बिबटे येथले नव्हेत, वन खात्याने आणून सोडले आहेत,' ही ती समजूत. सुशिक्षित वाचक तिला अफवा म्हणून बाजूला सारतो. परंतु अफवा हेही एक वाचन असते. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात पकडलेले बिबटे मोठ्या प्रमाणावर अन्यत्र नेऊन जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या स्थलांतराच्या काळात त्या भागातील माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ पर्यंत वाढले. अनोळखी मुलखात, पिंजऱ्याच्या त्रासातून नुकताच सुटलेला प्राणी; त्याच्या वागण्यात बदल झाला असेल तर तो माणसाच्या हातून झाला. प्रत्येक गावातली प्रत्येक अफवा खरी असते असे नव्हे, आणि पाथर्डीतील प्राण्याला हे लागू आहे असा दावाही येथे नाही. पण अफवेचा गाभा डॉक्टर मोरोच्या गाभ्याशी जुळतो : श्वापद बिघडलेले नाही, कोणीतरी ते बिघडवले आहे, आणि बिघडवणारा दूर कोठेतरी सुरक्षित बसला आहे. वेल्सची कादंबरी न वाचलेल्या शेतकऱ्याने तिचे कथानक आपल्या अनुभवातून पुन्हा रचले.

याच्या अगदी उलट चित्र त्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासातून समोर आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या शेतप्रदेशात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे असल्याचे आढळले. २०१४ च्या पूरक अभ्यासानुसार त्यांच्या आहाराच्या वजनातील ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के होता. माणूस त्यांचे भक्ष्य नव्हता. बिबट्या 'आला' हे कथन येथे कोसळते, कारण तो आधीपासूनच तेथे होता. दिसत नव्हता इतकेच. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक म्हातारा नर पकडून, रेडिओ पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला गेला. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला आणि वाटेत त्याने कोणालाही इजा केली नाही. त्याच्यावर 'अजोबा' (२०१४) हा मराठी चित्रपट निघाला. भयकथेच्या दृष्टीने 'अजोबा'ची गोष्ट अधिक भयंकर आहे, असे म्हटल्यास ते विनोदाने घेऊ नये. फ्रॉइडने १९१९ च्या निबंधात ज्या परिचिताच्या अपरिचित होण्याविषयी लिहिले, ते येथे उलट्या क्रमाने घडते : परके समजलेले जनावर शेजारीच निघते.

अलीकडे या कथनात 'उसातला बिबट्या' नावाचे नवे प्रकरण सुरू झाले आहे. उसाच्या फडात जन्मलेली, जंगल न पाहिलेली ही पिढी मूळ बिबट्यापेक्षा वेगळी आहे, असे अधिकारी, पत्रकार आणि शेतकरी एकसुरात सांगताना आढळतात. ज्याला शब्दशः उत्परिवर्तनाची कथा म्हणता येईल, अशी मराठीतली ही पहिलीच. जीवशास्त्रीय अर्थाने त्या प्राण्यात काही पालटलेले नाही. बिबट्या ही मुळातच मिळेल त्यावर जगणारी, कोठेही दबा धरू शकणारी जात आहे. पालटला आहे तो भूप्रदेश. कालवा आला, बारमाही ऊस आला, वर्षभर उभे राहणारे दाट रान आले, आणि त्याच्या कडेला कुत्री, डुकरे, शेळ्या आल्या. येथे पाथर्डीचे स्थान विलक्षण आहे. पाथर्डी, शेवगाव, आष्टी, पाटोदा हा ऊस पिकवणारा नव्हे, ऊस तोडणाऱ्यांचा मुलूख. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पोराबाळांसह टायरगाड्या आणि ट्रक यांतून कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. कोयता सुरू होतो तेव्हा ज्या उसात बिबट्याची पिल्ले सापडतात, त्याच उसाच्या कडेला कोपीत तोडणीवाल्याचे मूल झोपलेले असते. म्हणजे इतरांच्या उसातून जन्मलेले भय पाथर्डीच्या माणसाला परमुलखात गाठते, आणि २०२० मध्ये ते त्याच्या कोरडवाहू गावीही पोचले. उसाचे अर्थकारण कादंबरीत मांडणाऱ्या मराठी लेखकांना यातले श्वापद दिसले नाही, आणि श्वापदावर लिहिणाऱ्यांना ऊस दिसला नाही.

या मुलखाने जगाला दिलेली आणखी एक प्राणिभयकथा आहे, आणि तिची गत पाहण्यासारखी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावातून बातमी आली की कुत्र्यांनी एक पिल्लू मारल्याचा सूड म्हणून माकडे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवरून, घरांवरून खाली टाकत आहेत. अडीचशे कुत्रे मारल्याचा आकडा देशोदेशी फिरला. तो आकडा कसा मोजला गेला हे कोणी विचारले नाही. सूड ही हेतूची कल्पना होती. तिने घटनेला कथानक दिले, आणि कथानक मिळताच घटना विनोदाकडे झुकली. जगभरच्या वाचकाने तिच्याकडे करमणूक म्हणून पाहिले. विकृताची दोन्ही दारे उघडी असतात, हे वर म्हटले आहेच. पाथर्डीच्या मुलांच्या बातम्यांचा असा प्रवास झाला नाही. त्या जिल्ह्याच्या पानावर राहिल्या, फार तर राज्याच्या.

गंभीर मराठी ललित लेखनाने प्राण्याला राक्षस होऊ दिले नाही, हे त्याचे मोठे श्रेय. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर' (१९८२) मध्ये वानरांच्या टोळीतील सत्तापालट, पिल्लांची हत्या, माद्यांचे हतबल होणे सगळे आहे. पण निवेदक एकदाही त्यांच्या क्रौर्याला नैतिक नाव देत नाही. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनातील जंगल बारकाव्यांनी आणि ममत्वाने भरलेले आहे. ही दृष्टी पाश्चात्य भयपटांच्या तुलनेत निःसंशय प्रगल्भ ठरते. तरीही तिच्यातून एक अनुभव सुटतो, तो भक्ष्य असण्याचा. ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतक व्हॅल प्लमवुड यांच्यावर १९८५ मध्ये काकाडू येथे मगरीने हल्ला केला. त्यातून वाचल्यावर त्यांनी माणूसही अन्न आहे या जाणिवेवर लिहिले. त्या घटनेला राक्षसाच्या पुराणकथेत बसवण्याच्या वृत्तपत्रांच्या खटपटीविरुद्धही त्यांनी लिहिले. माडगूळकरांचा आणि चितमपल्लींचा निवेदक निरीक्षक आहे. तो दुर्बिणीच्या या बाजूला आहे. ज्याच्या मानेवर दात येऊ शकतात अशा ठिकाणाहून मराठी गद्य क्वचितच बोलले आहे.

लोकधर्माने ती जागा सांभाळली होती. डहाणू-जव्हारकडच्या वारल्यांमध्ये वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदली गेली. अकोल्याच्या महादेव कोळ्यांमध्ये वाघबारस पाळली जाते. वाघोबा हा प्राणी, देव आणि शेजारी तिन्ही आहे. त्याला द्यायचे ते दिले तर तो राखतो, चुकले तर नेतो. या कल्पनेत मूल गेल्याचे दुःख कमी होते असे नव्हे. पण जनावर आपल्या प्रकृतीपासून ढळले आहे, असे मानण्याची गरज पडत नाही. ढळला आहे तो करार. कॅरलच्या उपपत्तीला येथे दुरुस्ती सुचते. मराठी संदर्भात भय वर्गांच्या मिश्रणातून येत नसून संबंधाच्या मोडण्यातून येते. उद्या मराठीत नरभक्षकाची भयकथा लिहिली गेलीच, तर तिला प्राण्याच्या अंगावर तिसरा डोळा किंवा दुप्पट सुळे बसवून काही साधणार नाही. तिला मोडलेल्या कराराची बाजू उभी करावी लागेल : कालव्याचे पाणी, तोडणीची उचल, बंद शाळा, घरामागचे अंधारे अंगण.

आणि तिला हर्बर्टचा तो सवंग समजला गेलेला संकेत उचलावा लागेल. २०२० च्या बातम्या पुन्हा वाचताना एक गोष्ट खुपते. बिबट्याचे वय, वजन, नर की मादी, तो कोणत्या दिशेने गेला, किती पिंजरे लागले, किती पथके आली, यांचे तपशील भरपूर आहेत. मुलाच्या वाट्याला येते ते नाव, वय आणि गाव. काही ठिकाणी वडिलांचे नाव. ते मूल त्या क्षणी कोणाच्या शेजारी होते, त्याला काय आवडायचे, घरी आणखी कोण होते, आईने आधी काय पाहिले, यांतले काही नाही. असले तरी ते आक्रोशाच्या ठरीव छायाचित्राआड जाते. चरित्र मिळते ते जनावराला. लंडनच्या दारुड्याला उंदरांनी खाण्यापूर्वी दुय्यम दर्जाच्या कादंबरीकाराने जी चार पाने दिली, ती पाथर्डीच्या मुलांना कोणी दिली नाहीत. खाजगी दुःखाचा बाजार मांडू नये हा संकोच वृत्तपत्रांच्या बाबतीत समजण्यासारखा आहे. कथेला तो लागू होत नाही. कथेजवळ नाव बदलण्याची मुभा असते, आणि ती मुभा याचसाठी असते.

२०२५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत मुले होती. त्यानंतर तेथील गावकरी शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्याच्या बातम्या आणि छायाचित्रे प्रसिद्ध झाली. धनगरांच्या राखणीच्या कुत्र्यांच्या गळ्यात असा अणकुचीदार पट्टा पूर्वापार असतो. लांडग्याने वा बिबट्याने मानेला धरू नये म्हणून. त्या छायाचित्रांतली माणसे कॅमेऱ्याकडे सरळ पाहतात, हातात विळा आहे, पाठीमागे ऊस आहे.